त्याला पुढे पाणी मिळालं का

"त्या श्रीमंत माणसाला पुढे पाणी मिळालं का?"

एवढंच मी विचारलं होतं. त्यावरून आमच्या चर्चच्या मंडळीत जे भांडण लागलं ते दोन-तीन वर्षं पुरलं, आणि त्यात एका म्हाताऱ्या माणसाची बसायची जागा गेली. आमच्यातले जुने लोक अजून म्हणतात की वाद कंपाउंडरकाकांनी काढला. काकांनी फक्त उत्तर दिलं. काडी लावली ती मी.

बुधवारची संध्याकाळ होती. जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत आमचं लहानसं चर्च आहे. बुधवारी तिथे शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, चालायचा. सतरंजीवर पंधरा-सोळा बायका, भिंतीलगतच्या बाकावर चार पेन्शनर आणि समोरच्या खुर्चीत पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री. बाहेर हमालांचा आरडाओरडा आणि रिक्षांचे हॉर्न, त्यामुळे पाळकसाहेबांना देवाची शांतीसुद्धा ओरडूनच सांगावी लागायची. मी दवाखान्यातली ड्यूटी संपवून तशीच पांढऱ्या साडीत जाऊन बसायचे. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर शास्त्रापेक्षा मला तिथल्या माणसांच्या आवाजाची ओढ जास्त होती.

त्या दिवशी श्रीमंत माणसाचा दृष्टांत होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक श्रीमंत माणूस असतो आणि त्याच्या दारात एक भिकारी पडलेला असतो. दोघंही मरतात. भिकारी सुखाच्या जागी जातो, श्रीमंत आगीत. तिथून तो वर बघून विनवतो की त्या भिकाऱ्याला बोटाचं टोक पाण्यात बुडवून पाठवा, माझ्या जिभेला तेवढाच गारवा मिळेल. त्याला सांगतात, मधे मोठी दरी आहे, इकडचं कुणी तिकडे येऊ शकत नाही. दृष्टांत जवळजवळ तिथेच संपतो. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात असल्यापासून मी तो वीस-पंचवीसदा तरी ऐकला असेल. दर वेळी मला पुढचं ऐकावंसं वाटायचं, आणि पुढचं कुणी सांगत नव्हतं. त्या बुधवारी तोंडातून निघून गेलं.

का निघालं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. मावशी जालन्याला मिशनच्या दवाखान्यात आया होती आणि ख्रिस्ती झालेली होती. तिने मला बोर्डिंगात घातलं. माझा बा हसनाबादला राहिला, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचा. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला तेव्हा तो ऐन तिशीत होता, आणि त्या दिवसाबद्दल बोलायला लागला की एरवी वाकलेला माणूस ताठ बसायचा. नर्सिंग शिकत असताना अठराव्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला आणि घाबरत घाबरत त्याला सांगायला गावी गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"शिकून राह्यली ना बराबर?" म्हणाला. "मंग बस झालं."

त्याने मला मोकळं सोडलं, पण मी त्याला सोडलं नाही. दर सुट्टीत जायचे आणि मागे लागायचे, बा, तूही घे. तो हसायचा. "एकदा बदलला म्या धरम. तो काय सदरा हाये का, दर साली नवा शिवायला? एकदा बदलला, जन्माचा बदलला." मग मी त्याला आगीची भीती घालायचे, बोर्डिंगातल्या पोरी एकमेकींना घालायच्या तशी. त्यावर त्याचं एकच उत्तर असायचं. "दिवा इझला तर कुठं गेला म्हनून कोन इचारतं, माय?"

मेल्यानंतरचं त्याला काही वाटत नव्हतं, मरतानाचं मात्र वाटायचं. आमच्याकडे मरत्या माणसाच्या तोंडात पोटच्या लेकराने पाणी घालायचं असतं, आणि त्याला मी एकटीच होते.

"तू तिकडं गेली," तो एकदा म्हणाला. "आता मह्या तोंडात पानी कोन घालील?"

"मी घालीन की."

"तुह्या लोकायला चालंल का?"

"न चालायला काय झालं?"

"हां," म्हणाला. "धरम बदलला तरी तहान तीच राहते."

मी वचन दिलं आणि विसरूनही गेले. पाणी पाजणं हा तर माझा रोजचा धंदा होता, त्याचं वचन ते काय द्यायचं.

ते वचन मी पाळलं नाही. बा गेला तेव्हा जालना नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तो बाप्तिस्म्यावाचून गेला, तहानलेला गेला, आणि माझ्या हातात पाण्याचा ग्लास असताना गेला. हे कसं झालं ते पुढे येईलच. पण शास्त्राभ्यासाच्या त्या बुधवारपर्यंत त्याला जाऊन दहा वर्षं होत आली होती, आणि आमच्या शिकवणीप्रमाणे ती दहाही वर्षं तो आगीत होता आणि एक थेंब मागत होता. शिकलेल्या लोकांना नरक कायमचा आहे की नाही हा सिद्धान्ताचा प्रश्न असेल. मी पडले नर्स. मला एवढंच हवं होतं की पेशंटची तहान संपली की नाही हे कुणीतरी सांगावं.

तर मी विचारलं, आणि पाळकसाहेब हसले. वय तिशीचं, पाळकांच्या सेमिनरीतून शिकून येऊन दीड वर्ष झालेलं. माणूस प्रामाणिक होता.

"नाही मिळालं, सिस्टर. कधीच मिळणार नाही. म्हणून तर तो नरक."

"कधीच म्हणजे किती?"

"कधीच म्हणजे कधीच. त्याला अंत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "सिस्टरला तिथंबी पेशंटचीच काळजी." बायका हसल्या, मीही हसल्यासारखं केलं. तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"पाळकसाहेब, हुकूम असंल तर दोन शब्द बोलू का?"

हे कंपाउंडरकाका. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं औषधं दिली. लाल मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असायची, डोस दाखवायला कडेने कातरलेली. त्या पट्ट्या कापणारे ते. एक खाच कधी मागेपुढे झाली नाही. पुढे गोळ्यांची पाकिटं आली आणि काका निवृत्त झाले. बायको वारलेली, मुलगी पुण्याला. मंडळीत मोठ्या माणसांचा रविवारचा वर्ग तेच घ्यायचे.

"कापसाची पऱ्हाटी जाळताना तुम्ही पाह्यली असंल," काका म्हणाले. "उपटून बांधावर ढीग लावतेत आन् काडी लावतेत. एकदा पेटली का मंग घागरीनं पानी ओता, इझायची न्हाई. पन सांजच्याला जाऊन पाहा, राखच ऱ्हाते. न इझनारी आग म्हंजे जळनारं कधीच संपत न्हाई, असं कुठं असतं? इझली न्हाई म्हनूनच तर समदं जळून गेलं. शास्त्रात नाश म्हनलंय, आन् नाश म्हंजे नाश. सिस्टर, त्या मानसाला पानी बिलकुल मिळालं न्हाई. पन त्याची तहान संपली. कारन तोच संपला."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"काका, एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगितल्यात. नीतिमानांना सार्वकालिक जीवन आणि दुष्टांना सार्वकालिक शिक्षा. शब्द एकच आहे. शिक्षा संपते म्हणालात तर जीवनही संपतं म्हणावं लागेल. एका शब्दाला दोन मापं लावायची?"

"मापाचं मला नका सांगू, साहेब, मापातच जिंदगी गेली," काका म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. "फाशी किती वेळ चालते? दोन मिन्टं. पन फाशी गेलेला मानूस परत येतो का? शिक्षा सदाचीच हाये. शिक्षा देत बसनं सदाचं न्हाई."

"मग तो श्रीमंत माणूस बोलतो कसा? विनवतो कसा? संपला असेल तर तहान कुणाला लागलीय?"

"दृष्टांत हाये तो. दृष्टांतात झाडंबी बोलतेत."

हे असं पुढे तीन-चार बुधवार चाललं. बायका एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायच्या. एरवी पेंगणारे पेन्शनर घरून चष्मे आणि खुणा घातलेली पुस्तकं घेऊन यायला लागले. पाळकसाहेब हट्टाने बोलत होते असं मला कधी वाटलं नाही. एकदा दवाखान्यात पेशंट बघायला आले होते, तेव्हा जिन्यात थांबून मला म्हणाले, "सिस्टर, हे शिकवायला मला काय आवडतं? माझ्या घरातले निम्मे लोक अजून ख्रिस्ती झालेले नाहीत. पण मी त्यांना सौम्य करून सांगितलं आणि कडक तेच खरं निघालं, तर त्यांचा दोष कुणाच्या माथी?" मला त्यांची कीव आली. मीही बाला कडकच सांगितलं होतं. त्याचा काय उपयोग झाला, ते मला ठाऊक होतं.

पहिल्या बुधवारी काकांचं ऐकून घरी गेले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी रस्त्यात मोगऱ्याचा गजरा घेतला. कित्येक वर्षांत घेतला नव्हता. बाची तहान संपली होती. दहा वर्षं ज्याची मला धास्ती होती ते मुळी नव्हतंच. क्वार्टरवर येऊन मी खिचडी केली, पोटभर जेवले आणि मेल्यासारखी झोपले.

तो सुकलेला गजरा टाकून द्यायच्या आत मी आगीतून फुफाट्यात पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापत होते आणि सवयीने बोलून गेले, "बा, आज पीठ जाडं दळून आलंय." मी एकटीच राहायचे, त्यामुळे त्याच्याशी बोलायची मला खोडच लागली होती. मीठ जास्त पडलं, मेट्रनबाई बोलल्या, चप्पल तुटली, सगळं त्याला सांगायचे. आगीत असला तरी तो कुठेतरी होता. त्या सकाळी हात पिठात तसेच राहिले. तोच संपला, काका म्हणाले होते. मग हे जाड्या पिठाचं मी कुणाला सांगत होते?

त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. क्वार्टरमधे नळाचा आवाज, शेजारच्या सिस्टरच्या रेडिओचा आवाज, आणि बाकी काही नाही. मावशीही तोवर गेली होती. लग्नाचं वय कधी गेलं ते ड्यूटीच्या तक्त्यात कळलंच नव्हतं. माझ्या म्हणण्यासारखं माणूस जिवंतांत नव्हतं, आणि आता मेलेल्यांतही राहिलं नाही. एकटी मी आधीही होते, पण ते इतकं कधी टोचलं नव्हतं.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी मनातल्या मनात पाळकसाहेबांच्या बाजूला गेले. बा जळत असला तरी चालेल, पण असू दे, असं मला वाटायला लागलं. ज्या आगीतून तो सुटावा म्हणून मी दहा वर्षं तळमळले, तिथेच त्याला परत नेऊन ठेवायला मी तयार झाले, कशासाठी, तर सकाळी भाकरी थापताना बोलायला कुणीतरी हवं म्हणून. एवढी अप्पलपोटी मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झाले नाही.

त्याच सुमारास कमिटी बसली. मंडळीत कुजबूज वाढली होती. एक जण म्हणाले, नरक संपणारा असेल तर उद्या बाजारात खोटं माप द्यायला लोक मोकळे. दुसरे म्हणाले, वरच्या ऑफिसात कळलं तर मंडळीचं नाव खराब होईल. कमिटीत सात माणसं होती आणि त्यांतली बाई मी एकटी. काकांनी यापुढे वर्ग घेऊ नये आणि उपासनेत वाचनही करू नये, असा ठराव पुढे आला. काका समोरच बसले होते. पाळकसाहेबांनी त्यांना विचारलं, "काका, निदान असं म्हणा की तुम्हाला खात्री नाही."

"खात्री तर न्हाईच, साहेब," काका म्हणाले. "तिथं कोन जाऊन आल्तं? पन जे वाचून राह्यलो ते तसंच वाचून राह्यलो. खोटं कसं म्हनू?"

हात वर करायला सांगितले. मी हात वर केला. काकांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि मग खाली, हातातल्या टोपीकडे. प्रश्न माझा, उत्तर त्यांचं आणि हातही माझाच. ठराव मंजूर झाला.

त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. पण पुढच्या रविवारी ते बाकावर बसले नाहीत. बाहेरच्या पायऱ्यांवर, चपला काढतात तिथे बसून त्यांनी सगळी उपासना ऐकली. मग तीच त्यांची जागा झाली. पावसाळ्यात ते छत्री घेऊन यायचे. लोकांनी आधी चार-दोनदा "आत या की काका" म्हटलं, आणि मग चपला जरा बाजूला काढायला लागले.

मी तीन महिने त्यांना टाळलं. खाई त्याला खवखवे. नंतर एका रविवारी उपासना संपल्यावर मी माझी चप्पल घालायला वाकले आणि उठलेच नाही, तिथेच त्यांच्याशेजारी बसले.

"चहा घ्याल का?" काकांनी विचारलं. "माझ्याकडं कप दोन हायेत, दुसरा वापरात न्हाई."

त्यांची खोली चर्चच्या मागेच होती. फळीवर मिक्श्चरच्या रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या, पट्ट्यांसकट. त्यांनी साखरसुद्धा चमच्याने सपाट करून घातली. त्या दिवसापासून दर रविवारी मी जायचे. आम्ही पाऊस, गुडघेदुखी, पुण्याच्या मुलीचं पत्र असं काहीबाही बोलायचो. माझ्या हाताबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. नरकाचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. दोन एकट्या माणसांनी मिळून एकच माणूस होत नाही, पण चहा मात्र गरम राहतो.

आमच्यात ईस्टरच्या आदल्या शनिवारी कबरींना चुना लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटेची उपासना कबरस्तानात असते, तोवर सगळं पांढरंशुभ्र झालेलं हवं. प्रत्येक घर आपापल्या माणसांच्या कबरी रंगवतं. मावशीची कबर तिच्या सासरचे रंगवायचे. बाची माती हसनाबादच्या शिवारात, बौद्ध रीतीने झालेली, तिथे चुन्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे त्या शनिवारी मी मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायचे. काकांना ते कसं कळलं कोण जाणे. त्या वर्षी ते माझी ड्यूटी सुटायच्या वेळी चुन्याची बादली घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"चला, सिस्टर. बायकोच्या कबरीची एक बाजू तुमाला."

दुपारचे चार वाजले असतील. ऊन होतं. बाकीची घरं सकाळीच रंगवून गेली होती आणि कबरस्तानात आम्ही दोघंच होतो. काका उशाकडून लागले आणि मी पायाकडून. मग ते खाली बघतच म्हणाले,

"काल परत तुमी उद्गार बदलून घेतला."

आदल्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, झाला होता. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात माणसं समजावून सांगतात. कुणी कोणता घ्यायचा त्याच्या चिठ्ठ्या टाकतात. पाचवा उद्गार तहानेचा आहे, 'मला तहान लागली आहे' एवढाच. माझ्या नशिबी तो तिसऱ्यांदा आला होता आणि तिसऱ्यांदा मी तो शाळेतल्या एका बाईंना देऊन त्यांचा घेतला होता. लोकांना वाटायचं, सिस्टरला बोलायला सोपा उद्गार हवा असतो.

"बाहेर पायरीवर बसून समदं ऐकू येतं," काका म्हणाले. "तहानेचं तुमी का घेत न्हाई?"

मी कुंचला बादलीत ठेवला. एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले.

वैशाखातली गोष्ट. माझ्या चुलतभावाने एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला की बाचं काही खरं नाही. मी दुपारी बाराला पोचले. बा आतल्या खोलीत बाजेवर होता. चार दिवस पोटात अन्न नव्हतं. मनगट हातात घेतलं तर नाडी लागतेय की नाही असं झालं. त्याने डोळे उघडून मला ओळखलं. "आली का, माय," म्हणाला. मग म्हणाला, "पानी." वहिनी भावाला बोलवायला बाहेर धावली. मी माठातलं पाणी ग्लासात घेतलं, चमचा घेतला, त्याच्या उशाशी बसले.

आमच्या दवाखान्यात एक रीत होती. ख्रिस्ती बाईचं नुकतं जन्मलेलं बाळ जायला लागलं आणि पाळक वेळेवर येण्यासारखे नसले, तर सिस्टरनेच त्याच्या कपाळाला पाणी लावून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. मी ते पाच-सहा वेळा केलं होतं. हाताला सवय झालेली. जीव चाललाय हे बोटांना कळलं की पाणी आपोआप कपाळाकडे जायचं. मोठ्या माणसाला तसं चालत नाही, त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागतं, हे मला शंभर टक्के माहीत होतं. बाने तर जन्मभर नाही म्हटलं होतं. तरी मी चमचा खाली ठेवला. तीनदा बोटं ग्लासात बुडवली, तीनदा त्याच्या कपाळाला लावली, आणि एकेक शब्द पूर्ण म्हणाले. बा माझ्याकडे बघत नव्हता. तो ग्लासाकडे बघत होता.

एवढ्यात अंगणात वहिनीचं पाऊल वाजलं. तिला काही दिसू नये म्हणून मी पदराने घाईघाईने त्याचं कपाळ पुसलं आणि चमचा ओठाला लावला. दात मिटलेले होते. पाणी गालावरून गोधडीत गेलं. मी परत मनगट धरलं, पण तिथे काही नव्हतं.

सगळं मिळून एक मिनिट गेलं असेल. त्या मिनिटात तो तीन चमचे पाणी प्याला असता. आमच्या मंडळीच्या नियमाने तो बाप्तिस्मा नव्हता आणि त्याच्या गावच्या रीतीने ते पाणी पाजणं नव्हतं. बायका जमल्या तेव्हा एकमेकींना सांगत होत्या, "लेकीच्या हातचं पानी पिऊन गेला, नशीबवान." मी मान हलवत बसले.

यातलं बहुतेक सगळं मी काकांना सांगितलं. बोलताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून अर्ध्या ओल्या, अर्ध्या वाळलेल्या चुन्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "तो श्रीमंत माणूस एक थेंब मागतो आणि पाळकसाहेब म्हणतात कधीच नाही. आणि तुम्ही म्हणता तो उरलाच नाही. काका, दोन्हीत मला बसायला जागा नाही. आणि त्या दिवशी मी तुमच्याविरुद्ध हात वर केला."

"ते पाह्यलं म्या," काका म्हणाले.

मला वाटलं, आता पऱ्हाटी निघणार, किंवा फाशी. यांतलं काहीही ऐकायची माझी तयारी नव्हती. काकांनी हात धोतराला पुसले आणि कबरीशेजारी जमिनीवर बसले. बाटलीवर पट्टी चिकटवण्याआधी ते उजेडात धरून बघायचे, तसा चेहरा झाला होता.

"पानी किती लावलं तुमी?"

"तीन बोटं," मी म्हणाले. "तीनदा."

"चांगली वली बोटं?"

"ओली. निथळत होती."

"मंग ओघळलं असंल," काका म्हणाले. "झोपलेल्या मानसाच्या कपाळावर पानी थांबतं का? नाकाच्या कडंकडंनं खाली आलं असंल. ओठापत्तोर थेंबभर तरी गेलंच असंल, माय." मग म्हणाले, "त्या दृष्टांतातल्यानं बी थेंबच मागितला होता."

बानंतर मला कुणी माय म्हटलं नव्हतं. काका माझ्याकडे बघत होते आणि हो म्हणण्याची वाट बघत होते. शास्त्राच्या एका शब्दासाठी ज्यांनी आपली जागा सोडली, पण खोटं बोलले नाहीत, ते या एका थेंबासाठी अंदाजपंचे बोलत होते. माझ्यासाठी.

"हो," मी म्हणाले. "गेलं असेल."

कपाळ मी पदराने पुसलं होतं. एक थेंबही मागे राहिला नव्हता, कारण कामात मी पहिल्यापासून चोख आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही. मी बादलीतला कुंचला घेतला आणि माझ्या वाटणीची बाजू पूर्ण केली.